साखरपुडा गच्चीवर, लॉन आपल्या जागी

दिवाळी सरली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. जूनमध्ये सगळे विचारतात, 'काय लावू?' नोव्हेंबरात सगळ्यांची एकच तक्रार, 'ताई, पिवळं पडलं.' या खेपेला पिवळ्या पत्रांतली निम्म्याहून जास्त लॉनची आहेत. पावसाळ्याच्या शेवटी लॉन लावायचं आणि थंडीच्या तोंडावर घाबरायचं, हे आता दरवर्षीचंच झालंय. म्हणून हा अंक लॉनलाच देते. गुलाबवाल्यांनी महिनाभर थांबावं.

प्रश्न : ताई, आमचं घर नाशिकला गंगापूर रोडवर आहे. गणपती उठल्यावर पुढच्या अंगणात ६०० चौरस फुटांवर 'सिलेक्शन वन' गवताच्या तयार शीट आणून अंथरल्या. पहिला महिना दृष्ट लागावी असं लॉन होतं. आता शीटांच्या सांध्यांत फटी पडल्यात, मधूनमधून पिवळे चट्टे दिसतात. माळीदादा म्हणतात, युरिया मारा आणि संध्याकाळी भरपूर पाणी सोडा, थंडीच्या आत दाट होईल. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुलीचा साखरपुडा याच लॉनवर ठरलाय. साठ-सत्तर माणसं, छोटासा मंडप. तोवर लॉन तयार होईल ना? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही होणार. मुलीचं मनापासून अभिनंदन, पण साखरपुडा गच्चीवर करा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

सिलेक्शन वन हे आपल्या हरळीच्याच गोतातलं गवत. गणपतीला वाहतो ती दूर्वा ती हीच. ऊन तापलं की ते धावतं, रात्रीचा पारा १५ अंशांच्या खाली गेला की चालायला लागतं आणि १० च्या आसपास आला की बसून घेतं. नाशिकची थंडी तुम्हाला मी काय सांगू! हा अंक हातात पडेल तेव्हा नोव्हेंबरचा दुसरा आठवडा असेल. म्हणजे गवताच्या हातात वाढीचे फार तर तीन आठवडे उरलेत. ते पात्यांवर घालवायचे की मुळांवर, एवढंच आपल्याला ठरवायचंय. माळीदादा पात्यांवर घालवायला सांगताहेत.

आधी एक करा. पिवळ्या चट्ट्याजवळ शीटचा कोपरा दोन्ही हातांनी हलकेच वर ओढा. चिकटून बसला असेल तर मुळं खाली गेली आहेत, काळजी नको. पोळीसारखा अलगद उचलला गेला तर मुळं अजून शीटच्याच मातीत घोटाळताहेत. शीट शेतात प्लॅस्टिकवर वाढवतात, अंगठ्याएवढ्या जाडीच्या लाल मातीत. तुमच्या अंगणात खाली काळी माती असणार. वर लाल, खाली काळी आणि दोन्ही एकमेकींत मिसळलेल्या नाहीत, असं झालं की पाणी सांध्यावर अडतं आणि मुळंही उंबरठ्यावरच थांबतात. खुरपीनं तळहाताएवढा तुकडा उघडून बघा. पाणी साचल्याचा कुजका वास आला तर पिवळेपणाचं कारण सापडलं. आणि हो, खाली प्लॅस्टिकचा तुकडा राहिलाय का तेही बघा. हसू नका. मी स्वतःच्या डोळ्यांनी एका बंगल्यात बघितलंय. अंथरणाऱ्याला घाई होती, त्यानं दोन शीट तशाच टाकल्या होत्या आणि घरचे दोन महिने खत घालत होते.

मुळं अडली असतील तर बागेचा काटा घ्या, नसला तर लांब स्क्रूड्रायव्हर चालेल. वीतभर अंतरावर चार-पाच इंच खोल भोकं पाडत जायचं. ६०० फुटांना दोन सकाळी लागतील, कंबर दुखेल. मग तीन सारखे भाग घ्यायचे : चाळलेला पोयटा (गाळाची माती), पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि धुतलेली क्रश सँड. सँड धुवायचीच, कारण तिच्यातली दगडाची भुकटी ओली झाली की सिमेंटसारखी बसते. हे मिश्रण उन्हात कोरडं करून लॉनवर पसरा आणि खराट्यानं भोकांत आणि सांध्यांत लोटा. वर थर पेराएवढाही नको, गवताची टोकं दिसत राहिली पाहिजेत. फटी त्यानंच भरतील. नवीन तुकडे आणून ठिगळं लावू नका. थंडीत ठिगळ धरत नाही.

आता युरिया. त्यानं आठ दिवसांत हिरवंगार दिसेल, म्हणूनच माळ्यांचा तो लाडका. पण ती वाढ कोवळी, पाणचट असते. तिच्यावर रात्रभर दव बसलं की बुरशीला जेवणाचं ताट वाढल्यासारखं. सकाळी गवतावर कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढरा कापूस आणि दुपारी रुपयाएवढे वाळके ठिपके दिसले तर समजा की पाहुणे आले. युरिया आता फेब्रुवारीपर्यंत बंद. द्यायचंच तर पालाश द्या. ०:०:५० नावानं पोटॅशचं खत मिळतं, ते अर्धा किलो, दोन घमेली कोरड्या वाळूत कालवून सगळीकडे सारखं फेका आणि लगेच पाणी द्या. पालाशानं रंग येत नाही, पात्याला आणि मुळांना चिवटपणा येतो. कुणाला दाखवता येत नाही म्हणून कुणी देत नाही. चुलीची किंवा बंबाची राख मात्र टाकू नका. आपली काळी माती आधीच अल्कधर्मी, राखेनं आणखी चढेल.

पात्याच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग फिका पिवळा, असं असेल तर ती लोहाची भूक आहे. काळ्या चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण मुळांना उचलता येत नाही. हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला ५ ग्रॅम, ऊन उतरल्यावर फवारा. ओट्यावर किंवा शहाबादी फरशीवर थेंब पडला तर लगेच धुवा. माझ्या पायरीवरचा तांबडा डाग १९९८ पासून तिथंच आहे.

पाणी संध्याकाळी अजिबात नको. पातं रात्रभर ओलं राहतं आणि वर सांगितलेले पाहुणे येतात. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला द्या. म्हणजे रात्रीचं दवही धुवून जातं आणि दुपारपर्यंत गवत कोरडं होतं. किती? एक चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर. तुमचं लॉन ५६ चौरस मीटर भरतं. १००० लिटरची टाकी पूर्ण रिकामी केली तर साधारण १८ मिलिमीटर पाणी पडेल. एवढं एका वेळेला पुरे. आता चार दिवसांआड, डिसेंबरात सहा-सात दिवसांआड. पाणी वाहून जायला लागलं तर अर्धं देऊन तासाभरानं उरलेलं द्या. रोज पाच मिनिटं पाइप धरून उभं राहणं हे लॉनसाठी नसतं, आपल्या मनासाठी असतं. आमच्याकडे 'हे' रोज तेच करतात. मी आता त्यांना कुंड्यांकडे वळवलंय.

कापताना मशीनचं पातं वर घ्या. आत्ता एक इंचावर कापत असाल तर दीड इंच ठेवा. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कधीही छाटायचं नाही. पातं बोथट असेल तर गवत कापलं न जाता फाटतं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या टोकांना राखाडी झाक येते. लोक त्यालाही रोग समजतात.

आता साखरपुड्याकडे येते. मी २६ वर्षं एका शाळेत विज्ञान शिकवलं आणि ऑफिससमोरची बाग माझ्याकडे होती. एका वर्षी दसऱ्यानंतर तिथं नवं लॉन लावलं. मुलांनी पाणी घातलं, मी दोरी बांधली, 'पाय ठेवू नये' अशी पाटी रंगवली. डिसेंबरात स्नेहसंमेलन. पाहुण्यांच्या खुर्च्या कुठं ठेवायच्या, तर लॉनवर, शोभा दिसते! मंडपवाल्यानं चार दिवस आधी कापड ताणलं आणि जमिनीवर लाल जाजम अंथरलं. मी विरोध केला, पण संमेलनाच्या आठवड्यात विज्ञानाच्या बाईंचं कोण ऐकतं. जाजम गुंडाळलं तेव्हा खाली गवत उकडलेल्या मेथीसारखं झालं होतं. जुलै असता तर तीन आठवड्यांत भरून आलं असतं. डिसेंबरात गवत झालेली जखम भरून काढत नाही, नुसतं सहन करतं. खुर्च्यांच्या चारशे पायांचे चारशे खड्डे आम्ही मार्चपर्यंत बघत होतो.

तेव्हा सत्तर माणसं गच्चीवर. फोटोसाठी मुलगा-मुलगी आणि दोन्हीकडचे आईवडील दहा मिनिटं लॉनवर उभे राहिले तर गवत काही म्हणणार नाही, फक्त वेळ दुपारनंतरची, कोरडी ठेवा. तसंही नाशकात 'लॉन्स' म्हटलं की लोकांना मंगल कार्यालय आठवतं, गवत नाही.

जानेवारीत टोकं तपकिरी होतील, रंग उडेल. घाबरू नका. निफाडच्या बाजूला द्राक्षवाले पहाटे शेकोट्या पेटवतात, बागांना पाणी सोडतात, त्या बातम्या वाचून लॉनवर प्लॅस्टिक घालायची हौस काहींना येते. द्राक्षाला घड असतो, तो जपावा लागतो. गवताचा जीव जमिनीखाली आहे. महाशिवरात्रीच्या आसपास हिरवी टोकं डोकावतील, तेव्हा अर्धा किलो युरिया मारून माळीदादांना खूश करा.

प्रश्न : बाणेरला रो-हाऊसच्या उत्तरेला १२ फूट रुंद पट्टा आहे. जूनमध्ये लॉन लावलं, सप्टेंबरपर्यंत उत्तम होतं. आता विरळ होत चाललंय. खत, पाणी, औषध सगळं केलं. (पुणे)

उत्तर : सगळं केलंत, फक्त वर बघितलं नाहीत. मे महिन्यात पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. पावसाळाभर तो तसा वरच असतो, म्हणून तुमच्या उत्तरेच्या पट्ट्याला ऊन मिळालं. डिसेंबरअखेर तोच सूर्य दक्षिणेकडे झुकतो आणि माध्यान्हीलाही क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर येतो. तुमचं दुमजली घर २० फूट उंच धरलं तर भर बारा वाजता त्याची सावली उत्तरेला १८ फूट पडते. पट्टा १२ फुटांचा! म्हणजे पुढचे अडीच-तीन महिने तिथं ऊन शिवणारच नाही. हरळीच्या जातीला निदान सहा तास ऊन लागतं. तिथं लॉनचा नाद सोडा. नेचे, स्पायडर प्लँट आणि मधून दगडी पायवाट करा, छान दिसेल. लॉनवर आणखी पैसे घालवलेत तर पुढच्या नोव्हेंबरला मला हेच पत्र पाठवाल.

प्रश्न : मावशी, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला नवीन घर घेतलं. बिल्डरनं ऑक्टोबरात सॉड, म्हणजे गवताची तयार शीट, अंथरून दिलंय. आई नागपूरहून फोनवर सांगते की थंडीत गवत झोपतं, त्याला काही करू नकोस. शेजारी म्हणतो, हीच वेळ आहे. कुणाचं ऐकू?

उत्तर : शेजाऱ्याचं. आईचं नागपूरच्या गवताबद्दल शंभर टक्के बरोबर आहे, पण तुझ्या दारात दुसरीच जात आहे. तुमच्याकडे केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू असली थंडीत रमणारी गवतं असतात. ती उन्हाळ्यात मरगळतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात अंगात आल्यासारखी वाढतात. जमीन गोठेपर्यंत त्यांची मुळं काम करत असतात. म्हणून माती कोरडी वाटली तर थंडी पडली तरी पाणी द्यायचं. गोठण्याआधी मात्र नळी काढून रिकामी कर आणि बाहेरचा नळ आतून बंद कर, नाहीतर पाइप फुटेल.

झाडांची पानं सॉडवर साचू देऊ नको. ओल्या पानांची गोधडी पंधरा दिवस राहिली की खाली गवत गुदमरतं. शेवटची कापणी अडीच-तीन इंचांवर ठेव. बर्फाखाली लांब गवत आडवं पडून कुजतं. दव गोठून पातं काचेसारखं झालेलं असताना त्यावर चालू नको. पावलांचे काळे ठसे वसंतापर्यंत दिसतील. गाडीवाटेवर बर्फ वितळायला मीठ टाकाल, त्या कडेचं गवत मीठ खाऊन जळतं, तेव्हा फावड्यानं बर्फ ओढताना मिठाचा ढीग लॉनवर लोटू नको.

खताचं म्हणशील तर तुमच्या राज्यात कायदाच आहे. १५ नोव्हेंबर ते १ मार्च घरमालकानं लॉनला खत घालायचं नाही, ते वाहून नद्या-खाड्यांत जातं म्हणून. २०११ चा कायदा आहे. मला फार आवडतो. आपल्याकडे असा एखादा युरियासाठी हवा होता. तारखेच्या आत एक हलका हात फिरव आणि आईला सांग, मावशीनं तुला आणि शेजाऱ्याला, दोघांनाही पास केलंय.

प्रश्न : सकाळी लॉनवर साळुंक्या आणि एक तुरेवाला पक्षी येऊन चोचीनं भोकं पाडतात. नवीन लॉन खराब होतंय. जाळी लावू का? (अहिल्यानगर)

उत्तर : तुरेवाला म्हणजे हुदहुद. तो गवत खायला येत नाही, हुमणी खायला येतो. तो जिथं उकरतोय तिथं एक वीत जागा उघडा. इंग्रजी 'सी'सारखी वळलेली, पांढरट, तांबड्या डोक्याची जाड अळी सापडेल. पहिल्या पावसात कडुलिंब-बाभळीवर जमणाऱ्या भुंगेऱ्यांची ही पिल्लं. पावसाळाभर मुळं खातात आणि थंडीत खोल जातात. चौरस फुटाला एखादी सापडली तर पक्ष्यांवर सोपवा. चार-पाच असतील आणि गवत जाजमासारखं गुंडाळलं जात असेल तर मेटारायझियम ही मित्रबुरशी कृषी विद्यापीठात किंवा कृषी केंद्रात मिळते, ती ओल्या मातीत द्या. अळी वर आहे तोवरच उपयोग, म्हणजे आत्ताच. आणि शेणखत कुठून आणलं होतं ते आठवा. कच्च्या खतातून हुमणी आणि तणाचं बी फुकट घरपोच येतं.

प्रश्न : लव्हाळा उपटून उपटून थकले. थंडीत मरेल का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : मरणार नाही, दडून बसेल. वरचं उपटलंत की खाली माळेतली पुढची गाठ फुटते. खुरपीनं गाठीसकट, ओल असताना, दर आठवड्याला पाच-दहा. ऊसवाल्यांचं निवडक तणनाशक मिळतं, पण नव्या लॉनवर ते मारू नका.

प्रश्न : दवावर अनवाणी चाललं की डोळ्यांची ताकद वाढते म्हणतात. नव्या लॉनवर रोज चाललं तर चालेल ना? (सोलापूर)

उत्तर : डोळ्यांचं डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. लॉनचं सांगते : रोज एकाच वाटेनं चाललात तर जानेवारीत पायवाट तयार असेल. दिशा बदलत राहा आणि नवं लॉन असेल तर पहिली थंडी शेजाऱ्यांच्या जुन्या लॉनवर काढा.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीचे. आमच्याकडे थंडी अशी पडतच नाही. आम्हीही हे सगळं करायचं का? (रत्नागिरी)

उत्तर : तुमचा शत्रू थंडी नाही, पाणी न धरणारी जांभ्याची जमीन आहे. नोव्हेंबर ते मे पाऊस नाही आणि दिलेलं पाणी चाळणीतून गेल्यासारखं जातं. तुम्ही थोडं थोडं, पण वरचेवर द्या, आणि गांडूळखताचा पातळ थर दोनदा द्या. गवत तुमच्याकडे थंडीतही वाढत राहील, त्यामुळे कापणीला सुट्टी नाही. राख तुमच्या आम्ल मातीला चालते. वर नाशिककरांना नको म्हटलं ते तुम्हाला लागू नाही.

प्रश्न : नातवंडांनी दिवाळीत नव्या लॉनवर किल्ला केला. पंधरा दिवस होऊन गेले, मोडू देत नाहीत. खालचं गवत गेलं का? (सातारा)

उत्तर : पातं गेलं, मूळ बहुतेक असेल. साताऱ्यात राहून किल्ला मोडा असं मी कुठल्या तोंडानं सांगू, पण येत्या रविवारी तह करा. माती फावड्यानं खरवडू नका, हातानं उचला आणि उरलेली पाण्याच्या हलक्या फवाऱ्यानं धुवा. गवत पांढरं पडलेलं दिसेल. त्याला पाय लावू नका, कापू नका, खत नको. किल्ल्याची माती चाळून तिच्यात खत आणि वाळू मिसळली तर सांधे भरायला उत्तम. फटाक्यांनी जळलेले काळे गोल असतील तिथं तेवढी माती चमच्यानं काढून हीच भरा. मावळे मात्र मोजून घ्या. मागच्या वर्षी आमच्या मशीनच्या पात्यात एक घोडेस्वार सापडला होता, तलवारीसकट.